ठाण्यात खायच्या जागा शोधायच्या तर

‘ठाण्यात चांगलं कुठे मिळतं?’ हा प्रश्न अर्धाच आहे. काय खायचंय आणि किती वाजता, हे कळल्याशिवाय जागेचं नाव सांगण्यात अर्थ नसतो. ज्या गाडीवरचा वडा संध्याकाळी साडेचारला कढईतून निघताना उत्तम असतो, तोच दुपारी दोनला परातीत पडून गार झालेला असतो आणि त्याच्यासोबतचा पावही सकाळचा असतो. म्हणून आमच्या वहीत हॉटेलांची यादी नाही. डावीकडे पदार्थ लिहायचा, मग जागा, मग वार आणि वेळ, मग किंमत, आणि शेवटी एक ओळ: काय जमलं होतं, काय बिघडलं होतं. मिसळीच्या पानावर चार नावं असतील, थालीपिठाच्या पानावर दोन. एकच नाव दोन पानांवर क्वचितच येतं. बहुतेक जागा एक किंवा दोनच पदार्थ मनापासून करतात, बाकीचा मेनू गिऱ्हाईक परत जाऊ नये म्हणून असतो.

सुरुवात शहराचे तुकडे पाडून करायची. स्टेशन पश्चिम ते तलावपाळी आणि जांभळी नाका हा एक तुकडा. गोखले रोड, राम मारुती रोड आणि घंटाळी मिळून नौपाड्याचा दुसरा. पाचपाखाडी-खोपट तिसरा. वागळे इस्टेट आणि चेकनाका, पूर्वेला कोपरी, राबोडी, वर्तकनगर-उपवन हे प्रत्येकी वेगळे. घोडबंदर रोड तर स्वतंत्रच धरावा, कारण तिथलं सगळं गणित निराळं आहे. एका संध्याकाळी एकच तुकडा, आणि तोही पायी. इथेच बहुतेकांचं चुकतं. नौपाड्यात वडापाव खाऊन घोडबंदर रोडवरच्या हिरानंदानी इस्टेटला जेवायला जाऊ म्हणून निघतात, माजिवड्याला अडकतात आणि पोचेपर्यंत भूक मरून जाते. गाडी घेऊन गोखले रोडला आलात तर पार्किंग शोधण्यातच अर्धा तास जातो. ट्रेनने या, पश्चिमेला बाहेर पडा आणि चालायला लागा.

एका फेरीत तीन जागा, त्याहून जास्त नाही. प्रत्येक जागी एकच प्लेट, तिघा-चौघांत. दोन जागांमध्ये पंधरा-वीस मिनिटांचं चालणं हवंच. क्रम सौम्याकडून तिखटाकडे, गोड सर्वांत शेवटी. हा शिस्तीचा आग्रह उगाच नाही. झणझणीत मिसळीनंतर अर्धा-पाऊण तास जिभेला बारीक फरक कळत नाहीत. त्यावर पाणी पिऊन उपयोग नसतो, कारण मिरचीतलं तिखट द्रव्य पाण्यात विरघळत नाही, उलट तोंडभर पसरतं. ताक किंवा दूध त्याला धरून नेतं. म्हणून जिथे मिसळ आहे तिथे ताकही आधीच सांगून ठेवायचं. आणि चौथ्या जागेचा मोह आवरायचा. चौथ्या जागी पोट भरलेलं असतं, त्यामुळे तिथल्या पदार्थावर कायम अन्याय होतो आणि वहीत चुकीची नोंद पडते.

आता विचारायचं कोणाला? शेअर रिक्षाच्या रांगेतले चालक, जांभळी नाक्यावरचे हमाल आणि फुलवाले, बँकेतले शिपाई, सोसायटीचे वॉचमन. ही माणसं रोज बाहेर खातात, स्वतःच्या पैशाने खातात आणि एकदा पोट बिघडलं तर त्यांची दिवसाची कमाई बुडते. त्यांची निवड तावूनसुलाखून निघालेली असते. पण प्रश्न बरोबर हवा. ‘इथे चांगलं काय मिळतं?’ असं विचारलं की ते तुमच्या कपड्यांकडे पाहून एखाद्या एसी हॉटेलाचं नाव सांगतात. ‘दादा, सकाळी तुम्ही नाश्ता कुठे करता?’ असं विचारा. उत्तर लगेच येतं, बहुतेकदा हात करून दाखवलेलं. नौपाड्यातल्या जुन्या सोसायटीत ओळख असेल तर काकूंना वेगळा प्रश्न विचारायचा: ‘अळूवडी घरी केली नाही तर कुठून आणता?’ त्यातून दुकानं तर कळतातच, पण घरून ऑर्डर घेणाऱ्या बायकाही कळतात. पुरणपोळी, उकडीचे मोदक, चकली आणि ओल्या नारळाच्या करंज्या ठाण्यात उत्तम मिळतात त्या अशा घरांतूनच. तिथे फलक नसतो, एक-दोन दिवस आधी सांगावं लागतं आणि गणपतीत तर आठवडाभर आधी.

फोनवरचे तारे बघायचे, पण वाचायची ती अलीकडची मतं. सर्वांत नवीन आधी लावून गेल्या तीन महिन्यांतली पंधरा-वीस वाचावीत आणि त्यात पदार्थाचं नाव किती वेळा आलंय ते मोजावं. ‘छान वातावरण, छान सर्व्हिस’ एवढंच असेल तर त्यातून खाण्याबद्दल काहीच कळलेलं नसतं. दहापैकी सहाजण एकाच पदार्थाचं नाव घेत असतील तर तो पदार्थ मागवायचा, दुसरा नाही. फोटो गिऱ्हाइकांनी काढलेले बघावेत, हॉटेलने टाकलेले नव्हेत. मेनूकार्डाच्या फोटोवरची तारीखही बघावी, दोन वर्षांपूर्वीच्या किमती धरून गेलं की खट्टू व्हायला होतं.

घरपोच ॲपवर जागा शोधणं आम्ही सोडलं, त्याला कारण आहे. तळलेला पदार्थ बंद डब्यात वीस मिनिटं राहिला की स्वतःच्याच वाफेने मऊ पडतो. त्यामुळे तिथली वाईट प्लेट हॉटेलचा दोष सांगते की डब्याचा, हेच कळत नाही. शिवाय एकाच स्वयंपाकघरातून चार-पाच नावांनी धंदा चालतो: बिर्याणीचं एक नाव, पराठ्यांचं दुसरं, चायनीजचं तिसरं. ओळखायची खूण सोपी आहे. ॲपमधल्या हॉटेलच्या पानावर तळाशी एफएसएसएआयचा, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी परवाना क्रमांक असतो. दोन नावांखाली तोच क्रमांक आणि तोच पत्ता दिसला की स्वयंपाकघर एकच. ते वाईटच असतं असं नाही, पण दोन वेगळ्या जागा म्हणून वहीत लिहू नयेत.

आता वड्याकडे येऊ, कारण ठाण्यात पारख शिकायची तर ती वड्यापासूनच. स्टेशनबाहेरचा कुंजविहारचा वडापाव आकारासाठी प्रसिद्ध आहे, एकात पोट भरतं. नौपाड्यातला गजानन वडापाव त्याच्या पिवळ्या, ओल्या बेसनाच्या चटणीसाठी. दोन्ही खाऊन पाहावेत, पण एका दिवशी नाही, आणि एकमेकांशी तुलना करू नये. एक वड्याचा वडापाव आहे, दुसरा चटणीचा. आपल्याला यातलं काय आवडतं हे आधी कळलं की शहरातल्या उरलेल्या गाड्यांतून निवड करणं निम्म्याने सोपं होतं.

गाडीसमोर गेल्यावर लगेच पैसे काढायचे नाहीत. दोन मिनिटं कढईकडे बघायचं. वडा सोडल्यावर बुडबुडे जोरात यावेत आणि वडा शिजत आला की कमी व्हावेत. वडा काढून घेतल्यावरही तेलावर बारीक फेस टिकून राहत असेल, तेल काळपट आणि दाट दिसत असेल, कढईच्या काठाला चिकट तपकिरी थर असेल, तर ते तेल बरेच दिवस चाललंय. तळून तळून तेलात जी द्रव्यं तयार होतात त्यांचं प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलं की ते तेल खाण्यासाठी वापरू नये, असा नियम जुलै २०१८ पासून आहे. गाडीवर ते मोजायचं यंत्र नसतं, पण फेस आणि वास बरंच सांगून जातात.

मग घाण्याची वेळ साधायची. घाणा म्हणजे एका वेळी कढईत पडलेले वडे. नुकता निघालेला असेल तर घ्या, परातीत दहा-बाराच उरले असतील तर पुढच्या घाण्याला थांबा. वडा हातात आला की पावात घालण्याआधी मधून मोडायचा. वाफ यायला हवी. बेसनाचं आवरण दोन-तीन मिलिमीटर, भाजीला धरून असलेलं. आवरण आणि भाजी यांच्यात पोकळी पडली असेल तर भाजी ओली होती किंवा पीठ फार घट्ट होतं. आवरणाच्या आतल्या बाजूला कच्च्या पिठाची पिवळी ओली रेघ दिसली तर तेल जास्त तापलं होतं: बाहेरून रंग आला, आत शिजलं नाही. उलट तेल पुरेसं तापलेलं नसेल तर वडा तेल पितो, कागदावर दाबला की तेलाचा डाग पसरत जातो. सोडा जास्त पडला तरी हेच होतं. भाजीत बटाट्याचे थोडे गोळे राहिलेले चांगले, अगदी लगदा झालेला नको. लसूण आणि हिरवी मिरची ठेचलेली हवी, वाटलेली असेल तर चव सगळीकडे एकसारखी होते आणि घास कंटाळवाणा लागतो. शेवटी पाव. लादी बहुतेक बेकऱ्यांतून सकाळी येते आणि दुपारनंतर पुन्हा एकदा. दुपारची लादी आली आणि संध्याकाळचा पहिला-दुसरा घाणा निघाला, ही गाठ साधारण चार ते साडेपाचच्या दरम्यान पडते. वडापाव आम्ही याच वेळेत पारखतो. आणि छापील वर्तमानपत्रात बांधून देत असतील तर साधा कागद किंवा स्वतःचा डबा पुढे करायचा. गरम तेलाने शाई अन्नात उतरते, आणि तसं बांधून द्यायला मनाईही आहे.

मिसळ. मामलेदार कचेरीशेजारची मिसळ ठाण्याची ओळख आहे, आणि ती तिखटच आहे. पहिल्यांदा जाणाऱ्याने ऑर्डर देतानाच कमी तिखट किंवा मीडियम सांगावं, ताट आल्यावर कुरकुर करून उपयोग नाही. सकाळी जावं, शनिवार-रविवार टाळावा. मिसळ पारखायची पद्धत कुठल्याही जागी सारखीच. फरसाण कालवायच्या आधी नुसता रस्सा एक चमचा घ्यायचा. त्यात मसाला भाजलेला आहे की कच्चा आहे ते कळतं. कच्चा असेल तर तिखट घशाशी लागतं आणि जिभेवर चव उरत नाही. खोबरं-कांदा नीट भाजला असेल तर तिखटाच्या मागून गोडसर, खमंग चव येते. तर्रीचा लाल रंग पाहून भुलू नये, रंग मिरचीच्या जातीवर असतो, तिखटपणा वेगळा. मग उसळ: कडधान्य अख्खं राहून बोटाने दाबलं जायला हवं. फरसाण रश्श्यात पडल्यावर तीन-चार मिनिटं कुरकुरीत राहतं, तेवढ्यात निम्मी मिसळ संपवायची आणि उरलेल्या निम्मीसाठी रस्सा पुन्हा मागायचा. जादा रस्सा कुठे तसाच देतात, कुठे त्याचे पैसे लावतात. आधी विचारलेलं बरं. कांदा आधी चिरून ठेवलेला असेल तर त्याला उग्र, शिळा वास येतो. ताजा कांदा देणारं हॉटेल बाकीच्या बाबतीतही सहसा काळजी घेतं, असा आमचा अनुभव आहे.

माशांच्या बाबतीत वार सगळ्यात महत्त्वाचा. मराठी घरांत सामिष खाण्याचे वार रविवार, बुधवार आणि शुक्रवार. सोमवारी, गुरुवारी, शनिवारी उपास किंवा वार पाळणारे खूप. मालवणी हॉटेलांचा खप याच लयीत चढतो-उतरतो आणि मालही त्याच हिशेबाने भरला जातो. रविवारी मासा ताजा असतो पण गर्दीत आचाऱ्याला उसंत नसते, तवा गार पडतो, तुकडे घाईने उतरवतात. म्हणून नवीन जागा आजमावायची ती बुधवारी किंवा शुक्रवारी दुपारी साडेबाराच्या आत. गुरुवारी मिळणारा मासा बुधवारी उरलेला असण्याची शक्यता बरीच असते.

दुसरं कॅलेंडर समुद्राचं. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्या काळात ताटात येणारं मोठं पापलेट किंवा सुरमई बहुधा बर्फातली किंवा बाहेरून आलेली असते, आणि महागही. त्या दोन महिन्यांत आम्ही खाडीचे मासे, सुकट, सुका जवळा, सोड्यांची खिचडी असं शोधतो. चांगला मालवणी किंवा आगरी आचारी सुक्या माशाला जे करतो त्यावरून त्याचा हात कळतो. श्रावणात खप अगदी खाली येतो. नवी जागा पारखायला तो महिना वाईट. श्रावण संपल्यावर पुन्हा सुरुवात करावी.

मालवणी हॉटेलात बसलं की थाळीआधी मासा दाखवायला सांगायचं. बऱ्याच जागी ट्रे आणून दाखवतात, आणि नाही म्हणाले तर तो नकारही बरंच सांगून जातो. डोळे फुगीर आणि स्वच्छ, कल्ले लाल, अंग दाबलं तर खळगा भरून येणारं. ‘साइजप्रमाणे’ असं मेनूत लिहिलेलं असेल तर तुकड्याची किंमत आधी बोलून घ्यायची. बिलाच्या वेळी होणारे बहुतेक वाद यावरूनच होतात. तळलेली सुरमई काट्यापासून मोठ्या पाकळ्यांनी सुटायला हवी. भुसभुशीत, पिठूळ लागली तर ती बहुधा गोठवून पुन्हा वितळवलेली आहे. बोंबलाची परीक्षा अजून कडक. बोंबलात पाणी फार, म्हणून तो चिरून वजनाखाली दाबून ठेवतात आणि मग रवा लावून तळतात. दाबणं राहिलं की तव्यावर पाणी सुटतं, रवा गळून पडतो आणि मऊ लगदा ताटात येतो. नीट तळलेला बोंबील एका टोकाला धरून उचलला तर आडवा राहतो. बांगड्याबद्दल एक सावधगिरी: खाताना जीभ किंवा ओठ चुरचुरले तर ताट लगेच बाजूला सारावं. बांगडा थंड न ठेवता पडून राहिला की त्यात हिस्टामीन तयार होतं, तळून किंवा उकळून ते जात नाही, आणि अंगावर पुरळ किंवा उलट्या होऊ शकतात. लिंबू पिळून खाण्याचा तो प्रसंग नव्हे.

सोलकढी शेवटी नाही, आधी मागवायची. पेला पाच मिनिटं टेबलावर राहिला की नारळाचं दूध वर आणि पाणी खाली असं थोडं वेगळं व्हायला लागतं. चमच्याने ढवळून घ्यायचं, तो दोष नाही, खऱ्या रसाची ती खूण आहे. रंग फिकट जांभळट-गुलाबी असतो. भडक गुलाबी असेल तर शंका घ्यावी. आंबटपणा कोकमाचा हवा. नारळाचं दूध आंबून आलेला आंबटपणा जिभेच्या मागे राहतो आणि त्याला वास असतो.

शाकाहारी मराठी जेवणासाठी नौपाडा-घंटाळी भाग सोडून कुठे जायची फारशी गरज नाही. घंटाळी रोडचं मेतकूट हे त्यातलं जाणतं नाव. शनिवारी-रविवारी रात्री दारात नावं लिहून घ्यावी लागतात, म्हणून सातलाच पोचायचं. थालीपीठ मागवलं की मध्ये भोकं आहेत का बघा. त्यातून सोडलेलं तेल-लोणी आतपर्यंत पोचतं, नाहीतर मधला भाग कच्चट राहतो. साबुदाणा वडा आतून चिकट असेल तर साबुदाण्यात पाणी जास्त राहिलं होतं. पियूष पातळ आणि नुसतं गोड लागलं तर श्रीखंडाऐवजी साखर-ताकावर भागवलंय. बऱ्याच जुन्या उपहारगृहांत दुपारी जेवणं संपली की चार-साडेचारपर्यंत स्वयंपाकघर थंड असतं. त्या वेळात जाऊन त्यांच्याबद्दल मत बनवू नये.

चाटसाठी पाचपाखाडीचं प्रशांत कॉर्नर आणि तलावपाळीच्या कडेच्या गाड्या, असे दोन अगदी वेगळे अनुभव आहेत. तलावपाळीला हवा आणि गर्दी यांची मजा आहे, पावसाळ्यात मात्र उघड्यावरची पाणीपुरी आम्ही कटाक्षाने टाळतो. दमट हवेत पुरी मऊ पडते आणि पाण्याची खात्री नसते. त्या महिन्यांत गरम रगडा पॅटिस घ्यावं.

कोपरीत जुनी सिंधी वस्ती आहे. तिथे दाल-पकवान (डाळ आणि कुरकुरीत तळलेली पुरी) शोधायचं ते रविवारी सकाळी नऊच्या आत. पकवान नुकतं तळलेलं असेल तर तुटताना आवाज येतो, दहानंतर तो आवाज मिळत नाही. वागळे इस्टेटची खरी ओळख कामाच्या दिवशी साडेबारा ते दोन. कामगार आणि ऑफिसची माणसं ज्या खानावळीसमोर उभी राहून वाट बघतात, तिथली भाजी-भाकरी खावी. सुट्टीच्या दिवशी तोच भाग मुका असतो. राबोडी आणि मुंब्र्याला रमजानमध्ये जायचं तर इफ्तारच्या वेळी नाही, त्यानंतर तास-दीड तासाने. रोजा सोडणाऱ्यांना आधी खाऊ द्यावं. त्या वेळेला सीख कबाबही सलग लागलेले असतात आणि मालपुव्याची कढई तापलेली असते. थंडीत ठाणे-डोंबिवली पट्ट्यात मालवणी, आगरी, कोळी खाद्यमहोत्सव भरतात. तिथे पोटभर खाण्यापेक्षा तिघी-चौघींच्या हातची तांदळाची भाकरी चाखून, जिची पातळ आणि न चिरलेली असेल तिचा फोन नंबर घ्यावा. त्यातल्या कितीतरी जणी वर्षभर घरून ऑर्डर घेतात.

घोडबंदर रोडबद्दल थोडं सावध बोलतो. तिथे दर महिन्याला काहीतरी उघडतं आणि भाडं न परवडून काही ना काही बंद होतं. उद्घाटनाच्या महिन्यात मोठा आचारी असतो, सवलती असतात, मालकही उभा असतो. तीन महिन्यांनी तो आचारी दुसरी शाखा लावायला गेलेला असतो. म्हणून नव्या जागेला तीन महिने द्यायचे आणि मगच जायचं.

बिलाकडे दोन मिनिटं बघायची सवय लावावी. बहुतेक उपहारगृहांत जीएसटी ५ टक्के लागतो. जो दुकानदार छोट्या धंद्यांसाठीच्या कंपोझिशन योजनेत आहे त्याला गिऱ्हाइकाकडून जीएसटी वेगळा घेता येत नाही, आणि तसं बिलावर लिहिलेलं असतं. सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे. बिलात आपोआप लावला असेल तर शांतपणे काढायला सांगावा.

कुठलीही जागा वहीत पक्की करायला आम्ही तीन भेटी घेतो. पहिली गर्दीच्या वेळी, कारण त्या वेळी माल फिरतो आणि सगळं ताजं असतं. दुसरी आडवारी, गर्दी नसताना. तेव्हा हॉटेल उरलेल्या मालाचं काय करतं ते दिसतं. तिसरी महिन्याभराने, तोच पदार्थ मागवून. तिन्ही वेळा मीठ, तिखट आणि तळण सारखं लागलं तर शाईने लिहायचं. दोनदा जमलं आणि एकदा बिघडलं तर पेन्सिलने. दर सहा महिन्यांनी पेन्सिलच्या नोंदींची फेरी करायची आणि वर्षातून एकदा शाईच्या. चव एकदम बदलली तर बहुतेक वेळा कारागीर गेलेला असतो, विशेषतः दिवाळी आणि मे महिन्यानंतर, गावी गेलेले आचारी परत येत नाहीत तेव्हा. गल्ल्यावर विचारलं तर सांगतात. कुठे गेला हेही सांगतात, आणि तो ठाण्यातच दुसरीकडे उभा असेल तर वहीतला पदार्थ तोच ठेवून फक्त पत्ता बदलायचा.

पार्सल न्यायचं असेल तर रस्सा आणि फरसाण वेगळं, पाव कागदात, वडे झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यात. सोलकढी बर्फाच्या बाटलीला टेकवून. ट्रेनमध्ये मासे तळलेले नेऊ नयेत, मसाला लावलेले कच्चे तुकडे बांधून मागावेत. बरीच मालवणी हॉटेलं ओळखीच्या गिऱ्हाइकाला देतात. घरी पोचल्यावर तवा तापवून रवा लावायचा, मध्यम आचेवर दोन्ही बाजूंनी चार-चार मिनिटं, आणि पहिली बाजू पूर्ण सुटल्याशिवाय उलटायचं नाही.